घरच्या बागेंतील मधमाशांची मोजदाद

वृद्ध मंडळी ओट्यावर जमली म्हणजे जुन्या गोष्टी निघतात, आणि त्यांत "आमच्या लहानपणीं मोहोळें किती असत!" हें वाक्य हटकून येतें. ऐकणारे तरुण मान डोलावतात, पण "किती असत?" असा उलट प्रश्न कोणीं केला, तर त्याचें उत्तर मिळत नाहीं. दहा असत कीं शंभर, तीं गेल्या दहा वर्षांत कमी झालीं कीं चाळीस वर्षांत, कोणत्या जातीचीं घटलीं आणि कोणत्या जातीचीं वाढलीं, हें कोणासच सांगतां येत नाहीं. सांगणारा खोटें बोलतो असें मुळींच नव्हे. माणसाच्या स्मरणांत मोहोळ राहतें, मोहोळांची संख्या राहत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. ही संख्या स्मरणावर न सोंपवितां वहींत कशी उतरवावी, आणि ती उतरविल्यानें घराला व गांवाला काय लाभतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आनंदनगर हें नांव घेतलें म्हणजे अंबरनाथची औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढें उभी राहते. कारखाने, मालमोटारी आणि धूर यांच्या गर्दींत मधमाशांचें काय काम, अशी शंका श्रोत्यांना येणें साहजिक आहे. परंतु थोडें उंचावरून पाहिलें तर चित्र निराळें दिसतें. एका बाजूस मलंगगडाकडील डोंगर, दुसऱ्या बाजूस बदलापूरपलीकडील बारवी धरणाचें रान, आणि मधून वाहणारी उल्हास नदी. या सर्वांच्या मधोमध उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हीं तीन शहरें वसलीं आहेत. उल्हासनगर हें नांवच १९४९ सालचें. निर्वासितांच्या छावणीचें तेव्हां नगर झालें. बदलापुराची वस्ती २००१ सालच्या खानेसुमारींत सुमारें ९८ हजार होती, ती २०११ सालीं पावणेदोन लाखांच्या घरांत गेली. इतक्या वेगानें घरें वाढलीं म्हणजे वाड्या, बांध, कुंपणें आणि जुनीं झाडें मागें हटणारच. रानांतून वस्तीकडे येणाऱ्या माशीला मग गच्चींतील चार कुंड्या आणि खिडकींतील तुळस हाच काय तो मधला मुक्काम उरतो.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. बदलापूरचें जांभूळ साऱ्या मुंबईस ठाऊक आहे, आणि त्याला भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. उन्हाळ्याच्या तोंडीं जांभळाला पांढुरक्या, तुरेदार फुलांचा बहर येतो. त्या दिवसांत झाडाखालीं उभें राहिलें तर डोक्यावर अखंड गुंजारव ऐकूं येतो. महाबळेश्वराकडील मधपाळांना जांभळाचा बहर मधाचा म्हणून चांगला परिचित आहे. बाजारांत पुढें जी टोपली येते, तिच्यांतील फळ धरण्यांत कीटकांचा, आणि त्यांतहि मधमाशांचा, मोठा वाटा असतो. तीच गोष्ट परसांतील काकडीची आणि तांबड्या भोपळ्याची. या वेलींवर नर फूल वेगळें आणि मादी फूल वेगळें. एकावरचे पराग दुसऱ्यावर कोणीं नेलेच नाहींत, तर मादी फुलाखालचें इवलें फळ पिवळें पडून गळतें. गृहिणी खतास दोष देते, बियाण्यास दोष देते. खरा दोष पुष्कळदां न आलेल्या पाहुण्याचा असतो.

मोजणी करूं पाहणाऱ्यानें प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. "मधमाशी" हा एक प्राणी नव्हे. आपल्या प्रांतांत मध सांठविणाऱ्या देशी माशा मुख्यत्वें चार प्रकारच्या आहेत, आणि चौघींचें घर चार तऱ्हांचें आहे.

पहिली आग्या. ही सर्वांत मोठी आणि सर्वांत तापट. तिचें पोळें एकच, पण हात-दोन हात रुंदीचें, उघड्यावर लोंबणारें. पूर्वीं कडे आणि उंच वृक्ष हीं तिचीं ठिकाणें. आतां उंच इमारतींचे छज्जे आणि पाण्याच्या टाक्या तिला कड्यासारख्याच चालतात. दुसरी सातेरी. ही मध्यम आकाराची, पोटावर पट्टे असलेली, आणि स्वभावानें त्या मानानें शांत. तिला अंधार हवा. झाडाची ढोली, जुन्या भिंतीचें भगदाड, वारुळाची पोकळी अशा ठिकाणीं ती एकाशेजारीं एक अशीं समांतर पोळीं बांधते. पेटींत पाळली जाणारी देशी माशी ती हीच. तिसरी फुलोरी; ही सातेरीहून लहान, पोटाचा पुढला भाग तांबूस. तळहाताएवढें एकच पोळें ती झुडपाच्या डहाळीला बांधते, आणि मुंग्या येऊं नयेत म्हणून त्या डहाळीला चिकट पट्टा लावून ठेवते. चौथी माशी काळी, बारीक, मुंगीएवढी. हिला नांगीच नसते. भिंतीच्या किंवा लांकडाच्या फटींत तिचें बिऱ्हाड असतें, आणि दाराशीं राळेची एक लहानशी नळी बाहेर आलेली दिसते. पुष्कळ घरांत ही नळी घाण समजून पुसून टाकतात.

हें वर्णन एवढ्या विस्तारानें देण्याचें कारण असें, कीं माशांच्या संख्येंतील फरक हा बहुधा घरांच्या संख्येंतील फरक असतो. माणसाचीं घरें बदललीं कीं माशीचींहि बदलतात. मातीची आणि दगडाची भिंत जाऊन सिमेंटची गुळगुळीत भिंत आली, जुना आंबा पडला, तर सातेरीची आणि बारीक काळ्या माशीची जागा गेली. कुंपणाचीं झुडपें तोडून लोखंडी जाळी लावली, तर फुलोरीची गेली. उलट, सात मजली इमारत उठली तर आग्याला एक नवा कडा मिळाला. म्हणजे एकाच मोहल्ल्यांत आग्या वाढत असतां सातेरी नाहींशी होत असूं शकते, आणि छज्ज्याखालचें भलें मोठें मोहोळ पाहून सारीं घरें म्हणूं शकतात, "छे, माशा तर पूर्वींपेक्षां अधिक झाल्या!" सर्वांना एकाच नांवानें मोजणाऱ्याची वही या ठिकाणीं त्यालाच फसवील.

या चौघींखेरीज एकट्या राहणाऱ्या माशा पुष्कळ आहेत. जगांत माशांच्या सुमारें वीस हजार जाती ज्ञात आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य ना मोहोळ बांधतात ना मध सांठवितात. लांकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा हीहि वस्तुतः माशीच. वांग्याच्या फुलांत पराग उघड्यावर नसतो. परागकोशांच्या टोंकाला बारीक छिद्रें असतात. भुंगा फुलाला बिलगून आपले स्नायू असे थरथरवितो कीं त्या कंपनानें पराग छिद्रांतून बाहेर उडतात. मध देणाऱ्या माशांना ही विद्या येत नाहीं. तेव्हां तुळशीवर माशांची गर्दी असूनहि शेजारच्या कुंडींतील वांगें फळ धरीत नसेल, तर भुंगा येतो कीं नाहीं तें पाहावें. त्याला वाळलेलें लांकूड किंवा बांबूचा तुकडा लागतो, आणि स्वच्छ आवारांत नेमकें तेंच नसतें. दुसरी एक माशी गुलाबाच्या पानाची कड कातरीनें कापल्यासारखी गोल कापून नेते आणि त्या तुकड्यांनीं पिलांची खोली शाकारते. पान कापलेलें दिसलें कीं औषधाचा फवारा बाहेर निघतो. वास्तविक झाडाचें त्यानें कांहींच बिघडत नाहीं, आणि फवाऱ्यानें मात्र पाहुणी मरते.

आतां नोंदीविषयीं. नोंदवहीचें सामर्थ्य किती असतें याचें एक उदाहरण जर्मनींत घडलें. तेथें क्रेफेल्ड या शहरीं हौशी कीटकाभ्यासकांचें एक मंडळ आहे. त्यांनीं संरक्षित अशा ६३ ठिकाणीं एकाच पद्धतीचे सांपळे लावून, त्यांत सांपडलेले उडते कीटक वर्षानुवर्षें तोलून ठेविले. सत्तावीस वर्षांचे आंकडे २०१७ सालीं एकत्र प्रसिद्ध झाले, तेव्हां असें दिसून आलें कीं कीटकांचें वजन पाऊण हिश्शाहून अधिक घटलें आहे. साऱ्या जगानें या आंकड्याची दखल घेतली. ही घट एका वर्षाच्या आंकड्यांत दिसण्यासारखी नव्हती. जुन्या नोंदी जपून ठेवल्या होत्या आणि पद्धत बदलली नव्हती, म्हणून ती उघडकीस आली. त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें सामान्य नागरिकांसाठीं याहून सोपी रीत सुरू झाली: अर्धा मीटर लांब-रुंद जागेंतील फुलें निवडावीं, दहा मिनिटें त्यांच्याकडे पाहावें, आणि जे कीटक बसतील ते मोजावे.

ही रीत आनंदनगरांतील तिसऱ्या मजल्यावरच्या घरालाहि सहज साधेल, आणि तिच्यासाठीं तुळशीसारखें दुसरें झाड नाहीं. तुळस घरोघरीं आहे, ती वर्षांतील बराच काळ फुलते, आणि सातेरी, फुलोरी व बारीक काळी माशी तिघींनाहि ती प्रिय आहे. फक्त तुळस दाट व्हावी म्हणून सगळ्या मंजिऱ्या खुडून टाकण्याची जी चाल आहे, तिला थोडी मुरड घालावी. निम्म्या मंजिऱ्या खुडाव्या, निम्म्या माशांसाठीं राखाव्या.

पंधरा दिवसांतून एकदां, ठरलेल्या दिवशीं, सकाळीं नऊ ते दहाच्या दरम्यान त्याच कुंडीपुढें दहा मिनिटें बसावें. वहींत तारीख, वेळ, ऊन आहे कीं ढग, वारा कितपत, आणि किती मंजिऱ्या फुललेल्या आहेत तें लिहावें. पुढें पांच रकाने आंखावे: आग्या, सातेरी, फुलोरी, बारीक काळी आणि इतर. माशी फुलावर बसली कीं एक रेघ. तीच माशी उडून परत आली तर पुन्हां एक रेघ. कारण येथें माशांचीं डोकीं नव्हे, भेटी मोजावयाच्या आहेत. जात ओळखूं आली नाहीं तर ओढूनताणून ठरवूं नये, "इतर" या रकान्यांत टाकावी. आणि एकहि माशी आली नाहीं, तर त्या दिवशीं शून्य लिहावें. आरंभशूर माणूस शून्याच्या दिवशीं कंटाळून वही मिटतो, आणि तेथेंच त्याच्या मोजणीचा घात होतो. ज्या वहींत शून्यें नाहींत, ती वाचून कोणालाहि वाटावें कीं माशा कधीं कमी झाल्याच नाहींत.

हें काम घरांतील दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना उत्तम जमतें. त्यांची नजर तीक्ष्ण असते, आणि नियम मोडला तर वडील माणसांना टोंकण्यास तीं कचरत नाहींत.

नोंदी वाचतांना मात्र घाई करूं नये. पावसाळ्यांत आग्या दिसेनाशी झाली म्हणजे ती नष्ट झाली असें नव्हे. ती फिरस्ती आहे. बहर संपला किंवा पाऊस जवळ आला कीं सारें मोहोळ पोळें टाकून दूर जातें, आणि ऋतु पालटला कीं परत येतें. आसामांतील मोहोळांवर झालेल्या एका अभ्यासांत तर त्याच राणीमाशा पुन्हां त्याच जागीं आलेल्या आढळल्या. म्हणून आश्विनाची तुलना मागच्या आश्विनाशींच करावी, ज्येष्ठाशीं करूं नये. रसवंतीच्या चरकाभोंवतीं माशांचा थवा दिसला, तर त्यावरून माशा वाढल्या असें समजूं नये; गोड पदार्थ एके जागीं मिळाला म्हणून त्या एके जागीं दिसल्या. तसेंच सकाळीं गॅलरींत मेलेल्या मोठ्या माशा सांपडल्या, तर रात्रीं दिवा कोठें जळत होता तें पाहावें. आग्या चांदण्यांतहि उडते आणि दिव्याला भुलते. पडदा ओढला किंवा दिवा मालवला, तर हें मरण टळतें.

कधीं कधीं घट होते ती रोगानें. सातेरीच्या अळ्यांना होणारा, त्यांची पाण्यानें भरलेली पिशवी करून टाकणारा, एक विषाणुजन्य रोग थायलंडांत १९७६ सालीं ओळखला गेला. १९७८ सालीं तो भारताच्या ईशान्य भागांत दिसला, आणि १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेंत पसरून केरळ, कर्नाटक व तमिळनाडू येथील पेट्याच्या पेट्या त्यानें ओस पाडल्या. पुढें ज्या वसाहती तगल्या त्यांच्यापासून पुन्हां वाढ झाली. तेथें पेट्या होत्या, त्यांचे मालक होते, त्यामुळें हानि कळली. महाबळेश्वर तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं "मधाचें गांव" म्हणून जाहीर झालें. तेथील मधपाळालाहि वसाहत दुबळी झाली तर ती पेटी उघडतांच कळते. अंबरनाथच्या भिंतीच्या फटींतील माशीला मालक नाहीं. ती गेली तर कळावें कसें? तिच्यासाठीं घरची वही हेंच एक साधन आहे.

यावर कोणी म्हणेल, मग गच्चीवर एक पेटी आणून ठेवावी, म्हणजे माशांचें कल्याण झालें. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. बाजारांत मिळणारी पेटी पुष्कळदां युरोपीय माशीची असते. ही जात १९६० नंतरच्या दशकांत हिमाचल प्रदेशांतील नगरोटा येथें यशस्वीपणें रुजविण्यांत आली आणि तेथून इतर प्रांतांत गेली. मधाच्या धंद्यास ती उपयोगी आहे, यांत संशय नाहीं. पण जेथें आधींच फुलें थोडीं, तेथें हजारों परक्या तोंडांची भर घातली तर फटींतल्या बारीक माशीच्या वांट्याला काय येणार? कोंबड्या पाळल्यानें रानांतील पांखरें वाचत नाहींत. माशा वाचवावयाच्या तर त्यांना फुलें, पाणी आणि घर हवें: दोन कुंड्या अधिक, उथळ थाळींत खडे घालून ठेवलेलें पाणी, बांबूचे चार तुकडे, आणि कोपऱ्यांत न सारवलेली, न फरसबंदी केलेली हातभर जमीन. औषध मारणें भागच असेल तर फुलें मिटल्यावर, दिवेलागणीस मारावें; उमललेल्या फुलावर कधींहि मारूं नये.

शेवटीं सर्वांत नाजूक प्रसंग. समजा, आनंदनगरच्या एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्याच्या छज्ज्याखालीं कार्तिकांत आग्या मोहोळ बसलें. रहिवाशांची सभा भरते. कोणी म्हणतो, रात्रीं पलिता लावून जाळून टाका. कोणी म्हणतो, औषधवाल्याला बोलवा. त्यांची भीति खोटी नाहीं. आग्या चवताळली तर पाठलाग करते, आणि तिच्या हल्ल्यांत माणसें दगावलीं आहेत. घरांत तान्हें मूल किंवा अंथरुणाला खिळलेलें वृद्ध माणूस असेल, तर त्या घराला "माशा उपयुक्त आहेत" एवढें सांगून भागत नाहीं. मोहोळ दाराशीं, जिन्यांत किंवा शाळेच्या वाटेवर असेल, तर जाणत्या माणसाकडून माशा न जाळतां तें हलविणेंच योग्य. परंतु पुष्कळ मोहोळें अशा जागीं असतात कीं तेथें कोणाचा हात पोंचत नाहीं. तीं धुरानें, दगडानें किंवा आगीनें डिवचल्याशिवाय सहसा अंगावर येत नाहींत. खिडकीला जाळी लावावी, त्या बाजूचा दिवा झांकावा आणि मुलांना समज द्यावी, एवढ्यानें पुष्कळ ठिकाणीं निभावतें.

अशा सभेंत ज्या घरीं वही आहे, त्या घराच्या शब्दाला वजन येतें. "गेल्या वर्षीं हें मोहोळ अमुक तारखेस आलें, अमुक तारखेस आपण होऊन गेलें, आणि मधल्या काळांत कोणासहि डंख झाला नाहीं," असें तीन ओळींत वाचून दाखवितां आलें, तर पलिता बहुधा खालीं ठेवला जातो. आणि डंख झाला असेल, तर तोहि वहींत असलाच पाहिजे. म्हणजे मोहोळ हलविण्याचा निर्णय रागाच्या भरांत न होतां विचारानें होतो. माशांची बाजू घेण्यासाठीं गाळलेली नोंद माशांच्याहि उपयोगी पडत नाहीं.

पहिल्या वर्षाच्या वहीवरून फारसें कांहीं सिद्ध होणार नाहीं. दुसऱ्या वर्षीं तुलना करतां येईल. पांच वर्षांनंतर, एकाच मोहल्ल्यांतील दहा घरांनीं अशा वह्या ठेविल्या असतील, तर सातेरी घटली कीं टिकली, नवीन इमारत झाल्यावर फुलोरी गेली कीं शेजारच्या आवारांत सरकली, अशा प्रश्नांना आंकड्यांनीं उत्तर देतां येईल. तोंवर घराला करावयाचें काम थोडें आहे. या पंधरवड्यांत तुळशीच्या निम्म्या मंजिऱ्या खुडावयाच्या राहूं द्याव्या, एका जुन्या वहीच्या कोऱ्या पानावर पांच रकाने आंखावे, आणि येत्या रविवारीं नऊ वाजतां कुंडीपुढें स्टूल टाकून बसावें.